एमबीएचा प्रोजेक्ट: आधी प्रश्न, मग प्रश्नावली

एमबीएचं पहिलं वर्ष संपतं, समर इंटर्नशिप लागते आणि तिच्यासोबत प्रोजेक्ट येतो. अनेक विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात गूगल फॉर्म तयार करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. संशोधन पद्धतीच्या व्याख्या पाठ असतात, पण नेमकं काय शोधायचं हे ठरलेलं नसतं. माझ्या मते हा विषय शिकायची खरी सुरुवात तिथूनच करायला हवी.

विषय म्हणजे प्रश्न नव्हे

‘दुचाकी सर्व्हिस सेंटरमधील ग्राहक समाधानाचा अभ्यास’ या शीर्षकात शोधण्यासारखं काहीच सांगितलेलं नाही. सेंटरच्या मॅनेजरजवळ तासभर बसलात, तर त्याची अडचण कळेल: मोफत सर्व्हिसिंग संपली की गिऱ्हाईक फिरकत नाही, कोपऱ्यावरच्या गॅरेजात जातं. आता प्रश्न हाती आला. ग्राहक का तुटतात? खर्च जास्त येतो म्हणून, गाडी दिवसभर अडकून पडते म्हणून, की ओळखीच्या मेकॅनिकवर भरवसा असतो म्हणून?

यातल्या प्रत्येक शक्यतेचं गृहीतक होऊ शकतं. मात्र ते खोटं ठरण्याची वाट मोकळी हवी. ‘चांगल्या सेवेने समाधान वाढते’ असली विधानं तपासून कंपनीच्या हाती काही लागत नाही.

आधी कोणी काय शोधलंय, हे गूगल स्कॉलर आणि शोधगंगेवर पाहून घ्यावं. पंधरा निबंधांचे सारांश चिकटवण्यापेक्षा आपल्या प्रश्नाला भिडणारे चार नीट वाचावेत.

विचारायचं कोणाला?

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. सेंटरच्या दारात उभं राहून फॉर्म भरून घेतले, तर भेटतात ते टिकलेले ग्राहक. आपल्याला हवेत तुटलेले, आणि त्यांचा माग जुन्या जॉब कार्डांत असतो. कंपनीची रीतसर परवानगी घ्यावी, वर्षभर न आलेल्यांची यादी करावी आणि त्यातून यादृच्छिक पद्धतीने नावं निवडावीत. फोनवर स्वतःची ओळख आणि हेतू सांगूनच बोलावं; नको म्हणाले तर तिथेच थांबावं.

संख्या मोठी असली की निष्कर्ष पक्का, हा समज १९३६ च्या अमेरिकी निवडणुकीने मोडला. ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज होता राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असा. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. नावं मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली, म्हणजे मंदीच्या काळातली खात्यापित्या घरांची. शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांचा कलही सारखा नव्हता. प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणारा ३८५ हा आकडा ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरून सूत्रातून येतो, पण तो यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. मित्रांनी भरलेल्या ३८५ फॉर्मना त्याचा आधार नाही.

प्रश्नावली

‘आमची सेवा तत्पर आणि वाजवी दरात मिळते का?’ यात दोन प्रश्न आहेत. काम झटपट पण महाग झालं असेल, तर ग्राहकाने कशावर खूण करायची? असे प्रश्न तोडून वेगळे करावेत आणि आधी दहा-बारा जणांकडून फॉर्म भरून घेऊन पाहावं. जिथे माणूस अडखळतो, तिथे प्रश्न बदलावा.

प्रश्न निर्दोष असूनही अपुरा ठरतो, याचं उदाहरण कोका-कोलाचं. जवळपास दोन लाख चव-चाचण्यांनंतर कंपनीने १९८५ च्या एप्रिलमध्ये नवं कोक आणलं. चाचण्यांत नवी चव सरस ठरली होती. पण जुनं कोक बाजारातून जाणार, हे लोकांना कसं वाटेल याचा थांग त्या चाचण्यांना लागला नाही. जुलैमध्ये जुनं परत आणावं लागलं. म्हणून फॉर्मआधी पाच-सहा जणांशी मोकळेपणी बोलावं. आपल्याला न सुचलेली कारणं तिथेच कळतात.

विश्लेषण आणि मर्यादा

प्रत्येक प्रश्नाला एक पाय चार्ट काढणं म्हणजे विश्लेषण नव्हे. गाडी किती जुनी आणि सेंटर सोडण्याचं कारण कोणतं, हे एकाच तक्त्यात आडवं-उभं मांडा. मग काय-वर्ग चाचणीने दोन्हींचा संबंध तपासा. संबंध दिसला तरी तो कार्यकारण असेलच असं नाही.

मर्यादांच्या पानावर ‘वेळ कमी होता’ एवढंच लिहून भागत नाही. किती जणांनी फोन उचलला नाही, ते बहुधा कोण असावेत आणि त्यामुळे निष्कर्ष कुठल्या बाजूला कलला असेल, हे तिथे लिहावं. व्हायवाला पहिला प्रश्न बहुतेक यावरच येतो.