माती कोणाला धरते, कोणाला सोडते?

'अमक्याची जमीन कसदार आहे' असे आपण सहज म्हणतो. कस म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी सांगतील, की मातीत भरपूर अन्नद्रव्ये असणे. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. त्यात माती हे एक कोठार आहे आणि त्यात जेवढे टाकू तेवढे शिल्लक राहील, असे गृहीत धरलेले असते. पाटपाण्याच्या भागात उसाला युरियाची पोती टाकली जातात ती याच हिशेबाने. प्रत्यक्षात माती निवड करते. काही द्रव्ये ती धरून ठेवते, काही पाण्याबरोबर जाऊ देते आणि काही अशी अडकवते, की मुळांना ती मिळतच नाहीत.

ही निवड वर्गात दाखवता येते. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या धरा आणि तोंडाशी कापसाचा बोळा बसवा. काळी माती बारीक करून तिच्यात तेवढीच धुतलेली वाळू मिसळा. नुसती काळी माती ओली होताच फुगते आणि पाणी अडवते, म्हणून वाळू हवी. हे मिश्रण दोन्ही बाटल्यांत सारखे भरा. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मेथिलीन ब्लू आणि इओसिन हे रंग असतात. त्यांची अगदी फिकट द्रावणे करा. एका बाटलीत निळे द्रावण ओता, दुसरीत गुलाबी. निळ्या बाटलीखाली जवळजवळ रंगहीन पाणी गोळा होईल. गुलाबी रंग मात्र मातीतून पार होऊन खाली येईल.

मातीने रंग गाळला, असे विद्यार्थी म्हणतील. मग एकच का गाळला? मेथिलीन ब्लूचा रंगीत आयन धनप्रभारित असतो, तर इओसिनचा ऋणप्रभारित. चिकणमातीच्या कणांवर ऋणप्रभार असतो. म्हणून ती धन आयनांना धरते आणि ऋण आयनांना सोडते.

मातीचा हा गुण प्रथम लक्षात आला तो इंग्लंडमध्ये. यॉर्कशरमधील एच. एस. थॉम्प्सन या शेतमालकाला असे दिसले, की अमोनिआयुक्त पाणी मातीतून गाळले तर अमोनिआ मातीतच राहतो. जॉन टॉमस वे या रसायनतज्ज्ञाने याचा पद्धतशीर अभ्यास करून १८५० मध्ये तो प्रसिद्ध केला. माती अमोनिआ फुकट घेत नाही, त्याच्या बदल्यात कॅल्शिअम बाहेर देते, हे त्याने दाखवले. आऱ्हेनिअसने आयनांची कल्पना मांडली ती त्यानंतर सुमारे ३५ वर्षांनी. या देवघेवीला आम्हा मृदाशास्त्रज्ञांच्या भाषेत धन-आयन विनिमय म्हणतात.

कणांवर ऋणप्रभार येतो कोठून? चिकणमातीचे स्फटिक सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनिअम आणि ऑक्सिजन यांच्या पातळ थरांचे असतात. आपल्या काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट या खनिजात काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनिअमच्या जागी मॅग्नेशिअम बसलेला असतो. अ‍ॅल्युमिनिअमचे तीन धनप्रभार, मॅग्नेशिअमचे दोन. एक कमी पडला, म्हणजे स्फटिकावर एक ऋणप्रभार उरला. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, पोटॅशिअम, सोडिअम, अमोनिअम हे धन आयन कणांच्या पृष्ठभागावर येऊन राहतात आणि मुळे तेथून ते उचलतात. काळ्या मातीत अशा जागा भरपूर असतात. कोकणातील जांभ्या मातीत मुख्यतः केओलिनाइट असल्याने त्या बऱ्याच कमी असतात.

आता युरियाकडे वळू. युरियाच्या रेणूवर प्रभार नसतो, त्यामुळे टाकल्याबरोबर भरपूर पाणी सोडले तर तो विरघळून पाण्याबरोबर खाली जातो. पृष्ठभागावरच राहिला, तर मातीतील युरिएज हे विकर काही दिवसांत त्याचे रूपांतर अमोनिअममध्ये करते. काळी माती बहुधा विम्लधर्मी आणि चुनखडीयुक्त असते. अशा मातीच्या पृष्ठभागावरून बराच नायट्रोजन अमोनिआ वायूच्या रूपाने उडून जातो. युरिया मातीआड झाला, तर अमोनिअम कणांवर धरला जातो. पण तेही तात्पुरतेच. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर यांसारखे जीवाणू काही आठवड्यांत त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट ऋणप्रभारित आहे. म्हणजे आपल्या प्रयोगातला गुलाबी रंग!

पिकाने वेळीच शोषला नाही, तर हा नायट्रेट पुढच्या पाटपाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतो आणि शेवटी विहिरीत पोहोचतो. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावा, असे भारतीय मानक सांगते. तान्ह्या मुलांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता तो कमी करू शकतो. शेतात पाणी तुंबले तर निराळेच जीवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन व नायट्रस ऑक्साइड हवेत सोडतात. नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनागणिक सुमारे २७० पट प्रभावी हरितगृह वायू आहे.

थोडा हिशेब करू. आडसाली उसासाठी नायट्रोजनची शिफारस हेक्टरी ४०० किलो आहे. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे सगळा नायट्रोजन युरियातून द्यायचा तर सुमारे ८७० किलो युरिया, ४५ किलोची एकोणीस पोती. ही एकदम टाकली तर त्यातले किती उसाच्या वाट्याला येईल? म्हणूनच शिफारस चार हप्त्यांची आहे : लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीच्या वेळी ४०. पीक मागेल तेव्हा द्यायचे, हाच याचा अर्थ. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाले, त्याचाही हेतू अमोनिअमचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करणे हाच आहे.

फॉस्फेटचा प्रकार वेगळा. तोही ऋणप्रभारित, पण वाहून जात नाही. चुनखडीच्या जमिनीत तो कॅल्शिअमशी संयोग पावून न विरघळणारा होतो. म्हणून तो वरून विस्कटण्यापेक्षा शेणखतात मिसळून सरीत, मुळांच्या जवळ देणे चांगले.

कणांवरच्या जागा कोणी व्यापल्या आहेत, यालाही महत्त्व आहे. कॅल्शिअम असेल तर कण एकत्र येऊन माती रवाळ राहते, हवा-पाणी खेळते. प्रमाणाबाहेर पाणी दिले आणि निचरा नसला, की भूजल वर चढते आणि सोबत क्षार आणते. त्यात सोडिअम जास्त असेल, तर तो कॅल्शिअमची जागा घेतो. कण सुटे होतात आणि जमीन चोपण बनते : ओली असता चिकट, वाळली की दगड. महाराष्ट्राला हे नवीन नाही. नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. अशा जमिनीत आणखी खत टाकून उपयोग नाही. आधी चर काढून निचरा करावा लागतो, मग जिप्सम. जिप्सममधील कॅल्शिअम सोडिअमला हुसकावतो, पण त्याला वाहून न्यायला वाट नसेल तर तो तेथेच राहील.

हेही वर्गात पाहता येईल. काळी माती पावसाच्या पाण्यात ढवळून दोन बाटल्यांत भरा. एकीत फळ्यावरच्या खडूची पूड टाका, कारण हा खडू बहुधा जिप्समचाच असतो. दोन्ही हलवून ठेवा आणि कोणते पाणी आधी निवळते ते पाहा.

धरण्याची ताकद वाढवण्याचा एक मार्ग आपल्या हातात आहे, तो म्हणजे सेंद्रिय पदार्थ. कुजून तयार झालेल्या ह्यूमसची धन आयन धरण्याची क्षमता वजनागणिक चिकणमातीपेक्षाही जास्त असते. शिवाय त्यात नायट्रोजन बांधलेला असतो आणि तो सावकाश सुटतो. उसाचे पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघते. ते पेटवले तर त्यातील कार्बन आणि बहुतेक नायट्रोजन हवेत जातो. सरीत दाबले तर मातीत राहतो. हरभऱ्याचा बेवड चांगला, हा शेतकऱ्यांचा अनुभवही यातच बसतो. द्विदल पिकाच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतला नायट्रोजन स्थिर करतात आणि त्याचा काही भाग अवशेषांतून पुढच्या पिकाला मिळतो.

विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. प्रत्येकाने आपल्या किंवा शेजारच्या शेताची मृदा आरोग्य पत्रिका आणावी आणि तिच्यातील सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नायट्रोजन, स्फुरद व पालाश हे आकडे वहीत उतरवावेत. गेल्या हंगामात कोणते खत किती आणि केव्हा दिले, पाणी किती दिवसांनी दिले, हे घरच्यांना विचारून शेजारी लिहावे. मग एकेका खताबाबत प्रश्न विचारावा : हे मातीने धरले असेल, सोडले असेल, की अडकवले असेल? ज्या गावात विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली आहे, तेथे नायट्रेटचा आकडाही या तक्त्यात लिहून पाहावा.