एक्झिट पोल चुकतात कुठे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

१ जून २०२४ च्या संध्याकाळी लोकसभा निवडणुकीच्या बहुतेक एक्झिट पोलनी भाजपप्रणीत एनडीएला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या. ४ जूनला प्रत्यक्षात २९३ निघाल्या. लगेच आरोप सुरू झाले. पण हेतूंवर बोट ठेवण्याआधी चूक शोधायला हवी, कारण ती मोजता येते.

गैरसमज: नमुना जितका मोठा, तितका पोल भरवशाचा.
वस्तुस्थिती: एक हजार जणांच्या यादृच्छिक नमुन्यात सुमारे ३ टक्क्यांची चूक गृहीत धरतात; ती निम्मी करायला चार हजार माणसे लागतात. मात्र हे गणित केवळ योगायोगाच्या चुकीचे आहे. नमुनाच एकीकडे झुकलेला असेल, तर माणसे वाढवून झुकाव जात नाही.

गैरसमज: मतदार खोटे बोलतात, म्हणून पोल फसतात.
वस्तुस्थिती: न बोलणारेही तितकेच महाग पडतात. अमेरिकेत २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या एक्झिट पोलमध्ये केरी पुढे दिसले, जिंकले बुश. पोल घेणाऱ्या एडिसन आणि मिटोफस्की या संस्थांनी निवडलेल्या प्रत्येक मतदान केंद्रावरील उत्तरे तिथल्याच मतमोजणीशी ताडली. दोघांच्या मतांतील अंतर सरासरी ६.५ टक्क्यांनी केरींकडे झुकले होते. केरींच्या शंभरापैकी ५६ आणि बुश यांच्या ५० मतदारांनी उत्तरे दिली असतील, तर एवढ्यानेही ही तफावत पडते, असे त्यांच्या अहवालात म्हटले आहे.

गैरसमज: मतांची टक्केवारी कळली की जागा कळल्या.
वस्तुस्थिती: २०१९ च्या तुलनेत २०२४ मध्ये भाजपचा मतांमधील वाटा एका टक्क्याहूनही कमी घटला, जागा मात्र ३०३ वरून २४० वर आल्या. म्हणून मतांचा अंदाज आणि त्यावरून काढलेल्या जागा यांची चूक वेगवेगळी तपासावी लागते.

गैरसमज: विजेत्याचा आकडा जुळला म्हणजे पोल अचूक.
वस्तुस्थिती: ब्रिटनमध्ये २०२४ च्या एक्झिट पोलने लेबर पक्षाला ४१० जागा दिल्या, मिळाल्या ४११. त्याच पोलने रिफॉर्म पक्षाला १३ दिल्या होत्या, मिळाल्या ५. प्रत्येक पक्षाची चूक मोजल्याशिवाय निकाल देऊ नये.

गैरसमज: अमेरिकेसारखी केंद्रनिहाय पडताळणी आपल्याकडे शक्यच नाही.
वस्तुस्थिती: निवडणुकीच्या अंतिम निकालपत्रकात, म्हणजे फॉर्म २० मध्ये, मतदान केंद्रनिहाय मते मिळतात. संस्थांनी निवडलेली केंद्रे, नकार देणाऱ्यांची संख्या आणि मतांचे मूळ अंदाज जाहीर केले, तर कोणालाही ही तुलना करता येईल. जी संस्था हे जाहीर करत नाही, तिचा अंदाज वाहिन्यांनी दाखवू नये.