विम्यामागचे भांडवल

विमा कंपनीत दोन प्रकारचा पैसा असतो. एक पॉलिसीधारकांच्या हप्त्यांचा, दुसरा भागधारकांनी घातलेल्या भांडवलाचा. दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवण्याचे बंधन आहे. हप्त्यांतून दावे भागले तर ठीक. पण पूर आला, साथ पसरली आणि दावे हाताबाहेर गेले, तर तूट भरून काढायची ती भांडवलातून. तोटा आधी सोसायचा आणि नफा शेवटी घ्यायचा, हे विम्यातल्या गुंतवणूकदाराचे मुख्य काम. नव्या विमा कंपनीला किमान 100 कोटी रुपयांच्या भांडवलाची अट आहे ती यासाठीच. शिवाय देणी वजा जाता नियामकाने ठरवलेल्या गरजेच्या दीडपट मालमत्ता कायम हाताशी असावी लागते. हाच सॉल्व्हन्सी रेशो. धंदा वाढला की ही गरजही वाढते, म्हणून चांगली चाललेली कंपनीसुद्धा भागधारकांकडे पुन्हा भांडवल मागत असते.

जयपूरमध्ये हे जवळून पाहता येते. शहराच्या दक्षिणेच्या टोकाला सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत श्रीराम जनरल इन्शुरन्सचे मुख्यालय आहे. श्रीराम समूह आणि दक्षिण आफ्रिकेतील सनलाम यांची ही कंपनी 2008 मध्ये सुरू झाली. ट्रकसाठी कर्ज देण्यात मुरलेल्या समूहाची कंपनी, तेव्हा तिच्या धंद्यात वाहन विम्याचा वाटा मोठा असणे ओघानेच आले.

ट्रकचा थर्ड पार्टी विमा हा गुंतवणूकदाराची परीक्षा पाहणारा प्रकार आहे. हप्त्याचा दर सरकार ठरवते, कंपनी नव्हे. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला पॉलिसीत कमाल मर्यादा नसते. अपघात झाला की प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाते, तारखा पडत राहतात आणि निकाल लागतो तेव्हा मूळ रकमेवर व्याजही चढलेले असते. हप्ता मात्र पहिल्याच दिवशी हातात पडलेला. मधल्या वर्षांत हा पैसा पडून राहत नाही. त्याचा ठरावीक भाग सरकारी रोख्यांत आणि बाकीचा नियमांच्या चौकटीत इतरत्र गुंतवला जातो. अनेक सर्वसाधारण विमा कंपन्यांचे दावे आणि खर्च मिळून हप्त्यांपेक्षा जास्त होतात. त्या तरतात त्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर. मात्र उद्याच्या दाव्यांसाठी आजच पुरेशी तरतूद केलेली नसेल, तर आज दिसणारा नफा खोटा ठरतो. नवा गुंतवणूकदार ताळेबंदात पहिल्यांदा हीच जागा तपासतो.

विदेशी भांडवलाला दार उघडले ते 1999 च्या कायद्याने, 26 टक्क्यांपर्यंत. ही मर्यादा 2015 मध्ये 49 आणि 2021 मध्ये 74 टक्के झाली. 2025 च्या अर्थसंकल्पात ती 100 टक्के करण्याची घोषणा झाली. श्रीराम जनरलमध्ये 2022 मध्ये अमेरिकेच्या केकेआरने 9.99 टक्के हिस्सा घेतला. पुण्यात उलट घडले. बजाज आणि जर्मनीच्या आलियान्झने 2001 मध्ये भागीदारीत दोन विमा कंपन्या सुरू केल्या होत्या. मार्च 2025 मध्ये आलियान्झचा दोन्ही कंपन्यांतला 26 टक्के हिस्सा सुमारे 24,180 कोटी रुपयांना घेण्याचा करार बजाजने केला. विम्यात खरी कमाई अशी हिस्सा विकताना होते, आणि तीही दोन तपांनी. झटपट परतावा हवा असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

भांडवलदाराने पॉलिसीधारकांच्या पैशाला हात लावला तर काय होते, याचा अनुभवही देशाने घेतला आहे. 1950 च्या दशकात भारत इन्शुरन्सचा निधी मालकाने सट्ट्यासाठी वापरला. त्या प्रकरणात रामकृष्ण दालमियांना तुरुंगवास झाला. जानेवारी 1956 मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. साताऱ्याची वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स त्यात विलीन झाली. ती 1913 मध्ये अण्णासाहेब चिरमुल्यांनी काढली होती, आणि तिच्यासारख्या प्रामाणिक कंपन्याही सुक्याबरोबर ओले जळावे तशा गेल्या. पण सरकारी मालकी हा काही रामबाण उपाय नव्हता. पुढच्याच वर्षी महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली. न्यायमूर्ती छागलांच्या आयोगाची चौकशी मुंबईत झाली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना पद सोडावे लागले.

मे 2022 मध्ये हेच महामंडळ शेअर बाजारात आले. सरकारने साडेतीन टक्के हिस्सा 949 रुपये दराने विकला; पॉलिसीधारकांना 60 रुपयांची सूट होती. पहिल्याच दिवशी भाव त्याखाली उतरला आणि अनेकांना पॉलिसीधारक असणे व भागधारक असणे यांतला फरक त्या दिवशी कळला. भागधारकाला भावाची हमी नसते. पॉलिसीधारकाला कराराची असते, आणि ती भागधारकाच्या भांडवलावर उभी असते. पॉलिसी घेण्यापूर्वी एजंटाच्या माहितीपत्रकाबरोबर कंपनीचा सॉल्व्हन्सी रेशोही पाहावा. प्रत्येक विमा कंपनीला तो दर तिमाहीला आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावा लागतो.