मोटारीचा पिकअप का कमी होतो?

पेट्रोल इंजिनाला हवा, इंधन आणि ठिणगी या तिन्ही गोष्टी लागतात. त्यांपैकी एक जरी अपुरी पडली, तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही मोटार वेग घेत नाही. म्हणून प्रथम एअर फिल्टर, नंतर स्पार्क प्लग व इंधनाचा फिल्टर तपासावा. इंजिनाचा आवाज चढतो, परंतु गाडी ओढत नाही, अशा वेळी क्लचप्लेट झिजलेली असण्याचा संभव असतो. कारण कळल्यावरच सुटा भाग बदलावा. अन्यथा खर्च होतो, दोष मात्र तसाच राहतो.

हवेच्या मार्गाने पाणी आत शिरल्यास धोका अधिक असतो. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी चेन्नईत अनेक मोटारी पाण्यात बुडाल्या. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. त्यामुळे इंजिन सुरू करताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशी मोटार सुरू न करता ओढून गॅरेजमध्ये न्यावी.