जर्मनीचा प्रवास : व्हिसा, सीमा-तपासणी आणि वैद्याची औषधपेटी

परदेशातून व्याख्यानाचे निमंत्रण येणे ही आता आपल्या व्यवसायात अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. जर्मनीत आयुर्वेदाविषयी जिज्ञासा मोठी आहे. न्यूरेंबर्ग येथे दरवर्षी भरणाऱ्या ‘बायोफाख’ या सेंद्रिय मालाच्या प्रदर्शनासही आपले काही औषधनिर्माते बंधू जातात. निमंत्रण हाती पडले की विमानाच्या तिकिटाची चौकशी सुरू होते. व्हिसाचा विचार मात्र शेवटी होतो. प्रस्तुत लेखात आम्ही जर्मनीपुरते, म्हणजे ओघानेच शेंगेन देशांपुरते, हे प्रकरण उलगडून पाहणार आहोत.

प्रारंभी आमचाच अनुभव सांगतो. 2011 साली तेथील एका संस्थेने आम्हाला तीन आठवड्यांसाठी बोलाविले होते. निमंत्रणपत्रात यजमानांनी मोठ्या प्रेमाने लिहिले होते की, आम्ही व्याख्याने देऊ, रुग्ण तपासू आणि पंचकर्म उपचारही करू. ते पत्र आम्ही अभिमानाने अर्जास जोडले आणि अर्ज नामंजूर झाला. छापील नकारपत्रात प्रवासाचा हेतू समाधानकारकरीत्या सिद्ध झाला नसल्याच्या रकान्यापुढे खूण होती. त्या वेळी राग आला. पुढे विचार करता चूक आमचीच होती हे ध्यानात आले.

जर्मनीत बी. ए. एम. एस. या पदवीस वैद्यकीय व्यवसायाची मान्यता नाही. तेथे रुग्णास औषधोपचार करण्याचा अधिकार मान्यताप्राप्त डॉक्टरास असतो, किंवा 1939 च्या कायद्यान्वये आरोग्य खात्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेल्या ‘हाइलप्राक्टिकर’ या उपचारकास. अल्पमुदतीच्या व्हिसावर गेलेला पाहुणा व्याख्यान देऊ शकतो, चर्चासत्रात भाग घेऊ शकतो, व्यापारी बोलणी करू शकतो. मात्र नाडी पाहून औषध देणे आणि त्याची फी घेणे हा तेथे व्यवसाय ठरतो. यजमान आग्रह करतात, श्रोत्यांपैकी कोणी हात पुढे करतो आणि आपल्यालाही नाही म्हणवत नाही. परंतु हा मोह टाळलाच पाहिजे. निमंत्रणपत्रात काय करणार आहोत तेवढेच, नेमक्या शब्दांत, तारखांसह आणि खर्च कोण करणार या उल्लेखासह असावे. पत्र पाठविण्यापूर्वी त्याचा मसुदा आपणास दाखवावा, असे यजमानांस नि:संकोच कळवावे.

नावापुढील ‘डॉ.’ या उपाधीबद्दलही सावध राहावे. जर्मनीत ती शैक्षणिक पदवी मानली जाते आणि पदव्यांचा अनधिकृत वापर हा तेथील दंडसंहितेनुसार गुन्हा आहे. तेथे वाटावयाच्या परिचयपत्रावर ‘वैद्य’ हा आपला जुना शब्दच शोभून दिसतो.

आता अर्जाकडे वळू. 90 दिवसांपर्यंतच्या प्रवासासाठी ‘सी’ वर्गाचा शेंगेन व्हिसा लागतो. नोकरी वा दीर्घ शिक्षणासाठी ‘डी’ वर्गाचा राष्ट्रीय व्हिसा असतो. त्याची प्रक्रिया निराळी आणि बरीच लांब, म्हणून येथे तिचा विस्तार करीत नाही. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावा लागतो. निर्णयास सामान्यत: 15 दिवस, क्वचित 45 दिवसही लागतात. 11 जून 2024 पासून प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे शुल्क वेगळे. नकार आला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. अनेक देशांत फिरावयाचे असल्यास जेथे अधिक दिवस मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करावा; मुक्काम सारखाच असेल तर जेथे प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आतील, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत लागू असा हवा. आमच्या वैद्यभगिनींच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते. पदवी आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी माहेरच्या नावाने, तर पासपोर्ट सासरच्या नावाने. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत सोबत जोडावी, म्हणजे शंकेस जागा राहत नाही.

खरा कस लागतो तो आर्थिक कागदपत्रांचा. आपल्यापैकी अनेकांची फी रोखीने येते आणि ती बँकेत जाईलच असे नाही. मग अर्जाच्या आठवडाभर आधी मेव्हण्याकडून चार लाख आणून खात्यात भरले जातात. खातेउताऱ्यात ही रक्कम तपासनीसाला तत्काळ दिसते आणि ती विश्वास वाढविण्याऐवजी घटविते. प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि मागील काही महिन्यांचा स्वाभाविक चढउतार असलेला उतारा, हेच उत्तम प्रमाण होय. औषधालयाच्या मालकांनी दुकान नोंदणी, जी. एस. टी. प्रमाणपत्र आणि असल्यास उत्पादन परवाना यांच्या प्रती जोडाव्यात. हा मनुष्य परत येईल, कारण त्याचा चालता व्यवसाय येथे आहे, एवढेच त्यातून दिसावयाचे असते.

नकार मिळालाच तर? आम्ही 2011 साली फेरविचाराचे पत्र लिहून, सुधारित निमंत्रण जोडून व्हिसा मिळविला होता. जर्मनीने 1 जुलै 2025 पासून ही फेरविचाराची सोय बंद केली आहे. आता त्रुटी दूर करून नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या न्यायालयात जाणे, एवढेच मार्ग उरले. म्हणून पहिलाच अर्ज काळजीपूर्वक करावा.

व्हिसा मिळाल्यावर त्यावरील मजकूर नीट वाचावा. वैधतेच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस या दोन भिन्न बाबी आहेत. व्हिसा दोन महिने वैध असला तरी दिवसांच्या रकान्यात 15 असेल तर 15 दिवसच राहता येते. अनेक प्रवेशांच्या व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस हा नियम लागतो. तो असा मोजावा : 1 मार्च ते 29 एप्रिल असे 60 दिवस राहून आपण परत आलो आणि 1 जूनला पुन्हा गेलो, तर 30 दिवस शिल्लक असतात आणि 30 जूनला निघावेच लागते. त्यानंतर 28 ऑगस्टपूर्वी पुन्हा प्रवेश नाही, कारण तोवर मार्चचे जुने दिवस मोजणीतून गळत नाहीत. जाण्यायेण्याचे दिवसही धरले जातात. 12 ऑक्टोबर 2025 पासून तेथे टप्प्याटप्प्याने संगणकीय नोंद सुरू झाली. पूर्वी शिक्क्यांवरून दिवस मोजावे लागत. आता मुक्काम वाढला तर यंत्रच ते दाखविते.

व्हिसा असला तरी सीमेवरील अधिकारी प्रवेश नाकारू शकतो. निमंत्रणपत्र, विमा, परतीचे तिकीट आणि निवासाचा पत्ता हातातील पिशवीत ठेवावा. बहुतेकजण ही कागदपत्रे मोठ्या सामानात बंद करून टाकतात आणि ते सामान सीमा-तपासणीनंतरच हाती येते.

राहिली औषधपेटी. युरोपीय संघात बाहेरील देशांतून दुग्धजन्य पदार्थ वैयक्तिक सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे साधे तूप नाही आणि फलघृत वा ब्राह्मीघृतही नाही. लेबलावर औषध म्हटले म्हणून अधिकारी ते सोडील, या भरवशावर राहू नये. ताजी तुळस वा अडुळशाची पाने वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. कुष्ठ, जटामांसी, कुटकी, सर्पगंधा आणि रक्तचंदन ही द्रव्ये दुर्मिळ जीवजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. त्यांपैकी कुष्ठ तर सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात. नमुने नेणाऱ्या औषधनिर्मात्यांनी घटकद्रव्यांची यादी लॅटिन नावांनी तपासून घ्यावी.

सर्वांत गंभीर प्रश्न भांग आणि अहिफेन असलेल्या कल्पांचा. जातिफलादी चूर्ण किंवा कामिनीविद्रावण रस आपल्या कपाटात सहज असतो आणि पेटी भरताना हात सवयीने तिकडे जातो. तेथे तो अमली पदार्थांच्या आयातीचा गुन्हा ठरतो. जर्मनीने 1 एप्रिल 2024 पासून प्रौढांना मर्यादित प्रमाणात भांग बाळगण्यास मुभा दिली हे खरे, परंतु परदेशातून आणण्यास ती मुभा नाही. प्रवासाच्या आदल्या रात्री पेटीतील प्रत्येक बाटलीचे लेबल स्वत: वाचावे, हे काम सहाय्यकावर सोपवू नये.