बेदाणा आणि ‘व्हिन सांतो’

आम्हां मुरगूडकरांना ऊस व गूळ घरचे. द्राक्ष सुकविण्याची विद्या पहावयाची तर तासगांव गांठावें. तेथील द्राक्ष बेदाणा होऊन थांबतें. इटलींतील टस्कनी प्रांतांत मात्र त्रेब्बियानो व माल्वाझिया हीं द्राक्षें टांगून वा चटयांवर पसरून कित्येक आठवडे सुकवितात आणि मग पिळतात. पाणी उडाल्यानें रसांतील शर्करा दाट होते. मद्यार्क वाढला कीं किण्व थकतें आणि उरलेली गोडी तशीच राहते. वरून साखर नाहीं! लहान पिंपांत निदान तीन वर्षें मुरल्यावर या मद्याला जर्दाळू, मध व अक्रोड यांची रुचि येते. तिकडे त्यांत बदामाचीं कडक बिस्किटें बुडवून खातात. आमच्या श्रीखंडाशीं मात्र त्याची जोडी जमणार नाहीं. पदार्थ अधिक गोड असला कीं मद्य आंबट लागतें. खारा काजू बरा.