सुट्टीत प्रयोगशाळेत जाणारे शिक्षक

शाळेतल्या प्रयोगाचे उत्तर आधीच ठरलेले असते. लंबकाचा दोलनकाल किती यायला हवा हे शिक्षकाला माहीत असते, हुशार मुलांनाही माहीत असते आणि वेगळा आला तर खोडरबर असतोच. पण असे प्रयोग वर्षानुवर्षे करून घेणाऱ्या शिक्षकाने, ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही असा प्रयोग स्वतः कधी केलेला असतो का? बहुतेकांच्या वाट्याला ती वेळ येतच नाही.

अमेरिकेच्या ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’च्या अभियांत्रिकी विभागाने २००१मध्ये ‘रिसर्च एक्सपिरियन्सेस फॉर टीचर्स’ हा उपक्रम सुरू केला तो यासाठीच. उन्हाळी सुट्टीत शालेय शिक्षकांनी साधारण सहा आठवडे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत, प्राध्यापक आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांबरोबर काम करायचे. त्यासाठी त्यांना मानधन मिळते, आणि ते हवेच. सुट्टीत दुसरे काम करून घरखर्चाला हातभार लावणारे शिक्षक तिथे पुष्कळ आहेत. मोबदल्यात शिक्षकाने आपल्या कामातून वर्गासाठी एक पाठ तयार करायचा असतो. कोलोरॅडो विद्यापीठाचे बोल्डर येथील केंद्र चालवत असलेल्या ‘टीच इंजिनिअरिंग’ या संग्रहात असे अनेक पाठ कोणालाही मोफत मिळतात.

२०१३मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स’ आली आणि या उपक्रमाची गरज वाढली. विज्ञानाच्या तासाला अभियांत्रिकी रचनाही शिकवावी, अशी या मानकांची अपेक्षा आहे. जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकलेल्या शिक्षकांवर, जे स्वतः कधी केले नाही ते शिकवण्याची पाळी आली.

अभियांत्रिकीत नेमके वेगळे काय, हे पाणी गाळण्याच्या उदाहरणावरून चांगले कळते. पडद्याची छिद्रे जितकी बारीक, तितके पाणी स्वच्छ. पण तितकेच ते सावकाश झिरपते. वेग वाढवायचा तर दाब वाढवावा लागतो, म्हणजे वीज अधिक लागते. त्यातच गाळ साचून छिद्रे बुजत जातात. इथे एकच एक बरोबर उत्तर नसते. किती स्वच्छ, किती वेळात आणि किती खर्चात, यांचा मेळ घालावा लागतो. प्रयोगशाळेत गेलेल्या शिक्षकाला हा मेळ पुस्तकात वाचायला मिळत नाही, तर त्याच्याशी झगडावे लागते. पडदा फाटतो, मोजमापे जुळत नाहीत, आठवडाभराच्या नोंदी बाद कराव्या लागतात. शेजारी बसलेल्या संशोधकाला त्याचे काही विशेष वाटत नाही, हेही शिक्षकाला दिसते.

हाच विषय वर्गात आणायला महागडी उपकरणे लागत नाहीत. कापलेली प्लॅस्टिकची बाटली, वाळू, खडी, कापूस आणि प्रत्येक वस्तूला एक खोटी किंमत पुरते. गटाने ठरलेल्या पैशांत गाळणी बनवायची आणि ठरलेल्या मिनिटांत पेलाभर पाणी मिळवायचे. पहिली गाळणी सहसा तुंबते, नाहीतर गढूळ पाणी तसेच सोडते. मग काय बदललेत आणि का, यावर गुण. (पाणी नितळ दिसले म्हणून ते पिण्याजोगे होत नाही, जंतू त्यात राहू शकतात, हेही याच तासाला सांगायला हवे.)

याचा मुलांना काही उपयोग होतो का? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षकांसाठी असाच एक उपक्रम होता. त्यात शिक्षक लागोपाठ दोन उन्हाळे संशोधन करत. सॅम्युएल सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २००९मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. उपक्रमात येण्यापूर्वी या शिक्षकांचे विद्यार्थी आणि इतर शिक्षकांचे विद्यार्थी राज्याच्या ‘रीजंट्स’ विज्ञान परीक्षेत सारख्याच प्रमाणात उत्तीर्ण होत होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र सहभागी शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण १०.१ टक्क्यांनी अधिक होते. हे शिक्षक वर्ग सोडून जाण्याचे प्रमाणही कमी झाले. गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे शाळांचे १.१४ डॉलर वाचले, असाही हिशेब लेखकांनी मांडला.

आकडे सुखावणारे असले तरी जपून वाचायला हवेत. सांख्यिकीच्या कसोटीवर १०.१चा आकडा जेमतेम उतरला होता. शिवाय सुट्टी देऊन प्रयोगशाळेत जायला तयार होणारा शिक्षक मुळातच उत्साही असणार. आणि अमेरिकेतील सरकारी शाळांतच तीस लाखांहून अधिक शिक्षक आहेत. सर्वांना पुरतील इतकी प्रयोगशाळांतली टेबले कुठून आणणार?

आणखी एक अडचण काळाची आहे. परत आलेल्या शिक्षकासमोर तोच अभ्यासक्रम, तेवढ्याच तासिका असतात. नवा पाठ पहिल्या वर्षी तासात मावत नाही, दुसऱ्या वर्षी छाटून बसवावा लागतो. कोलंबियाच्या अभ्यासातही निकालातला फरक उठून दिसला तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी. ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’चे अनुदान एका केंद्राला साधारण तीन वर्षांसाठी मिळते.